ढगांशी वाकडं

आमच्या जिल्ह्यात ढगांबद्दल वाईट बोलायची सोय नाही. माणसांबद्दल बोला, पुढाऱ्यांबद्दल बोला, देवाबद्दल बोललात तरी लोक हसून सोडून देतील. पण आभाळ भरून आलेलं असताना कुणी कपाळाला आठी घातली, की त्याच्याकडं बघायची गावाची नजर बदलते. धाराशिवच्या माणसानं यापेक्षा वेगळं वागावं तरी कसं? इथं ढग म्हणजे पाहुणा, आणि पाहुणाही असा की दहादा बोलावल्यावर एकदा येणार, उंबऱ्यावरून तोंड दाखवणार आणि पुढच्या तालुक्यात जेवायला जाणार. अशा गावात मी बावीस वर्षं मास्तरीण आहे, आणि मला ढग सोसत नाहीत.

सोसत नाहीत म्हणजे सर्दी होते, असं नाही. सर्दी झाली असती तर बरं होतं, सर्दीला गावात मान आहे. श्रावण लागला आणि आठ-दहा दिवस ऊन दिसलं नाही की माझ्यातलं काहीतरी हळूहळू विझत जातं. सकाळी डोळे उघडतात, पण उठावंसं वाटत नाही. अंघोळ हे मोठं काम वाटतं. दिवसभर झोप येते, सारखं गोड खावंसं वाटतं, आणि भाकरीचं पीठ मळता मळता रडू येतं. का येतं ते सांगता येत नाही. वर्गात मी फळ्याकडं तोंड करून उगीच वेळ काढते, कारण पोरांकडं वळलं की बोलावं लागतं. मग नवरात्राच्या सुमाराला आभाळ निवळतं आणि आठवड्याभरात मी पुन्हा माणसांत येते. पुढचे नऊ-दहा महिने मीच मला म्हणते, काय नाटकं होती बाई तुझी.

चाळिशी ओलांडली आणि हे सुरू झालं. घरात आम्ही तिघं. नवरा मुरुम गावात बी-बियाण्याच्या दुकानात कामाला, सकाळी मोटारसायकलवर जातो आणि दिवस मावळताना येतो. सासरे घरीच असतात, त्यांना मी मामा म्हणते. आमचं घराणं मूळचं शेळ्या-मेंढ्यांचं. मेंढरं गेली, पण मामांनी पाच शेळ्या ठेवल्यात आणि त्यांच्याशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलतात. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, त्यामुळं घरं भक्कम आणि खिडक्या हातरुमालाएवढ्या. ज्यांच्या अंगावर भिंती पडल्या होत्या, त्यांना भिंतीला मोठं भोक नकोच होतं. श्रावणात भर दुपारी आमच्या घरात दिवा लावावा लागतो.

उपाय सुचवणाऱ्यांची आमच्याकडं कधीच वानवा नसते. शेजारणीनं पित्त ठरवलं. तिच्या जावेनं दृष्ट ठरवली आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट होतीच, असा निकाल झाला. माझ्या मते मिरच्या श्रावणातल्या होत्या, दमट होत्या, त्यांनाही पेटावंसं वाटत नसावं. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, "मॅडम, मन रमवा." हे मला फार आवडलं. पाय मोडलेल्याला ‘पळा’ म्हणावं, तसं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मात्र थट्टा संपली. एका सकाळी हजेरी घेताना तिसऱ्या नावाला माझा आवाजच फुटेना. पोरं बघत राहिली. मी खुर्चीत बसले ती मधल्या सुट्टीपर्यंत उठले नाही. घरी आले आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून काढला. शिकवता येत नसेल तर पगार घेणं बरं नाही, एवढंच मला दिसत होतं. नोकरीची तेरा वर्षं बाकी होती आणि शिकवणं ही मला येणारी एकमेव गोष्ट होती. मुख्याध्यापक समंजस. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "घटस्थापनेपर्यंत थांबा. तोवर शाळा नीट केलीत तर अर्ज विसरू. नाही जमलं तर पुढं पाठवतो." तेव्हापासून घटस्थापना हा माझ्यासाठी सण राहिला नाही, निकालाचा दिवस झाला.

नवऱ्यानं मला तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे नैराश्यच आहे, पण ऋतूबरोबर येणारं आणि ऋतूबरोबर जाणारं. बर्फाच्या देशांत लोकांना हिवाळ्यात होतं, आपल्याकडं काहींना ढगाळ दिवसांत होतं, बायकांना जास्त. उजेड कमी पडतो आणि शरीराचं घड्याळ बिघडतं. मी घरी येऊन हे मामांना सांगितलं. ते तंबाखू मळत होते. मळता मळता त्यांनी विचारलं, "म्हंजी हंगामी बीमारी. खरिपाची का रब्बीची?"

"खरिपाची, मामा."

"मग बरं. खरीप लवकर निगतंय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की परदेशात यासाठी एक खास दिवा मिळतो, त्याच्यासमोर सकाळी अर्धा तास बसायचं. त्याची किंमत ऐकल्यावर आजार बरा वाटायला लागला. पण नवऱ्याच्या डोक्यात दिवा बसला तो बसलाच. दोन दिवसांनी तो मंडपवाल्या मित्राकडून, लग्नात लावतात तो हॅलोजन घेऊन आला आणि त्यानं तो माझ्यापासून चार हातांवर लावला. पहिली पाच मिनिटं मला खरंच बरं वाटलं. मग तोंड भाजायला लागलं, मग गावातली सगळी पाखरं आणि किडे आमच्याकडं आले. मामा दारातून बघत होते. "काय करूलालाव? कोंबडीची पिल्लं उबवूलालाव व्हय?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडं लाइटला वेळेची जाण फार. हॅलोजन दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याला गेला.

खरं तर डॉक्टरीणबाईंचा मुख्य सल्ला दिव्याचा नव्हताच. त्या म्हणाल्या होत्या, आभाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. तेव्हा रोज एकाच वेळी उठा, उठल्या उठल्या अर्धा-पाऊण तास बाहेर राहा, चाला, चार माणसांत मिसळा, दुपारी झोपू नका. पंधरा दिवसांनी दाखवायला या. आणि जीव नकोसा वाटायला लागला, तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या, गोळ्या आहेत, घ्यायला लाज नाही. सगळा सल्ला फुकटातला. बहुधा फुकट होता म्हणूनच मी तो पाळला नाही. शिवाय जिला उठणंच जमत नाही तिला ‘उठल्या उठल्या’ पासून सुरू होणारा उपाय सांगून काय उपयोग, असा माझा युक्तिवाद होता. अंथरुणात पडून मी फार चांगला युक्तिवाद करते.

अशातच मी ती चूक केली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. बारा दिवस ऊन नव्हतं. मी खांबाला टेकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, जाऊ दे की हे आभाळ एकदाचं. जीव गुदमरला."

मावशींचा हात तांदळातच थांबला. "बाई," त्या म्हणाल्या, "आसं बोलू न्हाय."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण ते कावळ्यानं सांगून कोण ऐकतं? आठवडा गेला, थेंब नाही. सोयाबीन ऐन फुलात, दुपारी पानं माना टाकायला लागली. माणसं पारावर बसून मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघायची आणि मोबाइल उपडा ठेवायची.

आणि मी बरी होत होते. हे लिहायला आजही लाज वाटते, पण तसं होतं. गावाचं तोंड उतरत गेलं तसा माझा चेहरा खुलत गेला. पाचव्या दिवशी मी आपण होऊन उठले. सहाव्या दिवशी वर्गात कविता चालीवर म्हटली. आता नवीनच पंचाईत झाली, रस्त्यानं जाताना तोंड पाडून चालावं लागायचं. श्रावणभर हसता येत नव्हतं म्हणून झुरले, आणि आता येत होतं तर हसायची बंदी. आमच्याही जमिनीत सोयाबीन होतंच. ते करपताना बघवायचं नाही, आणि तरी सकाळी ऊन अंगावर आलं की बरं वाटायचं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच बाईच्या आत चालू होतं.

दहाव्या दिवशी मावशी आणि आणखी सात-आठ बायका आमच्या दारात आल्या. मावशींनी पदर सावरला आणि थेट विषयाला हात घातला. "बाई, तुमी शिकलेल्या. आमी काय म्हनावं. पर तुमी बोललाव आन् आभाळ गेलं. आता तुमीच बोलवा."

मी विज्ञान शिकवते. मान्सूनचे वारे, कमी दाबाचा पट्टा, सगळं मला फळ्यावर काढता येतं. मी तोंड उघडलं, मामांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. मी तोंड मिटलं. "काय करावं लागेल?" मी विचारलं.

महादेव कोंडायचा होता. पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडं महादेवाची पिंड पाण्यात बुडवतात. गाभाऱ्यातून पाणी बाहेर जायची वाट चिंध्यांचे बोळे आणि चिकणमाती लावून बंद करायची, आणि पिंड बुडेपर्यंत घागरींनी पाणी ओतायचं. पाऊस पडेपर्यंत देवाला त्यातच ठेवायचं. पाण्याविना आमचा जीव कसा होतो ते पाण्यात राहून कळू दे, असा हिशेब. पण बोळा कितीही ठोकला तरी थोडं थोडं पाणी झिरपतंच, म्हणून रोज सकाळी पुन्हा भरावं लागतं. आणि पहिली घागर, ज्या जिभेनं आभाळ घालवलं तिच्या मालकिणीची.

म्हणजे बघा. दिवस उगवायच्या ठोक्याला मला उठवायला बायका दारात हजर. ‘नाही’ म्हणायची सोय नाही. विहिरीपासून देवळापर्यंत चांगलं अंतर, डोक्यावर घागर, समोरून कोवळं ऊन, पाच-सहा खेपा. येता-जाता सुनांच्या तक्रारी, सासवांच्या तक्रारी, कुणाच्या लेकीचं कुठं जमतंय त्याची चर्चा. पाऊण तास कसा गेला कळायचं नाही. चौथ्या दिवशी रिकामी घागर घेऊन परत येताना माझ्या ध्यानात आलं आणि मी रस्त्यात मधेच उभी राहिले. एकाच वेळी उठा, बाहेर राहा, चाला, माणसांत मिसळा. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी गावानं मला शिक्षा म्हणून दिली होती, आणि ती मी औषध म्हणून घेतली नव्हती तेवढी शिक्षा म्हणून नियमानं घेत होते.

फक्त एक अडचण होती. मी ज्या ढगांमुळं आजारी पडते तेच परत यावेत म्हणून रोज पाणी ओतत होते, आणि त्यानंच बरी होत होते. घागर ओतताना काय मागायचं? शेवटी मी मागितलं, पाऊस रात्रीत पडू दे आणि दिवसा ऊन असू दे. देवाला गुदमरवून वर अटी घालायच्या, याला मास्तरकीच लागते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पाऊस आला. अटी मान्य झाल्या नव्हत्या. दिवसाच आला आणि पाच दिवस राहिला. सोयाबीन उभं राहिलं. मावशींनी माझ्या तोंडात साखर घातली. बायकांनी महादेवाचा बोळा काढला आणि मला म्हणाल्या, "बाई, सुटलाव तुमी. आता निवांत निजा."

मी निजले. दोन दिवसांत होते तिथं आले. भांड्यांचा ढीग, न विंचरलेले केस, आणि शाळेत फळ्याकडं तोंड. घटस्थापना चार आठवड्यांवर आली होती. या वेळी मात्र भीती वाटली, कारण आता औषध माहीत होतं आणि तरी उठवत नव्हतं. औषध माहीत नसताना माणूस निदान देवाला तरी बोल लावू शकतो.

तिसऱ्या सकाळी मामा पलंगापाशी येऊन उभे राहिले. ते कधी आमच्या खोलीत येत नाहीत. "पोरी, माजा गुडघा धरलाय," ते म्हणाले. "शेळ्या वड्यापतूर नेऊन आनाय पायजेत. ल्योक तर दुकानाला निगाला. तूच हायस." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी छत्री आणि काठी पलंगाच्या कडेला ठेवली. जाताना ते ज्या चालीनं गेले त्यात गुडघ्याचा काही दोष दिसला नाही.

आता ही गोष्ट साधी नव्हती. वीस वर्षं मी अभ्यास न करणाऱ्या प्रत्येक पोराला एकच धमकी देत आले होते, ‘शिकला नाहीस तर शेळ्या राखशील.’ ज्या घरात दोन वेळचं दूध शेळ्यांचं होतं, त्या घरातली सून हे बोलत होती आणि मामांनी कधी एका शब्दानं अडवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ओढ्याच्या वाटेवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता बाप्या गडी, ट्रॅक्टर चालवतो. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, छत्रीतल्या बाईंकडं बघितलं, पाच शेळ्यांकडं बघितलं, आणि अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुमचा अभ्यास न्हाय झाला का?"

मी हसले. ढगाळ दिवसात, भाद्रपद लागता लागता, मोठ्यानं हसले. शेळ्याही दचकल्या.

शेळ्या माणसाला बसू देत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मन रमव, असं त्या म्हणत नाहीत. कुणाच्या तरी उडदात शिरतात, आणि मन रमलेलं असो नसो, धावावं लागतं. आभाळ रोज राखेच्या रंगाचं, पण त्या राखेतूनही डोळ्यांत काहीतरी जात असावं. मी एकदम बरी झाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. रडू येतच होतं, पण चालता चालता येत होतं, आणि चालता चालता रडणं लवकर संपतं. आठ-नऊ दिवस तर फार वाईट गेले. त्यात एकदा डॉक्टरीणबाईंकडंही जाऊन आले. पण शाळा चुकली नाही. हजेरी शेवटच्या नावापर्यंत घेतली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी अर्ज मला परत दिला आणि सहामाही परीक्षेच्या कामाचं बोलायला लागले.

नवरात्रात आभाळ निवळलं. एका सकाळी मी शेळ्या घेऊन आले. मामा अंगणात उन्हाला बसून दावं वळत होते. गुडघ्याचं नाव त्यांनी केव्हाच सोडलं होतं आणि मीही काढलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी दाव्यावरची नजर न काढता विचारलं, "पोरी, ही तुजी बीमारी आता नवी निगाली का पैल्यापासनंच हाय?"

"नाव आता मिळालं असेल, मामा. आजार पहिल्यापासूनच असणार."

"बायास्नी जास्ती व्हती म्हनलीस."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं."

त्यांचे हात थांबले. "मंग तुज्या सासूला व्हती," ते म्हणाले. "म्या तिला आळशी म्हनत आलाव. चार मान्सात म्हनलाव."

मला एकदम सगळं दिसलं. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या श्रावणात सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या होत्या. मी माहेरी जाऊन आईला सांगितलं होतं, नवी सून आली म्हणून म्हातारीनं अंग टाकलं. दिवाळीला त्याच बाई चौघींचं काम एकटीनं करायच्या, ते मला दिसत होतं, आणि त्यावरून मी उलटच ठरवलं होतं की मनात आलं तर करता येतं हिला. पंधरा-सोळा पावसाळे आम्ही एका घरात काढले. दर श्रावणात त्यांच्या वाटणीच्या भाकरी मी थापल्या, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून परात आपटत थापल्या.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही तोंडावर म्हणालात. मी मागं म्हणत होते."

त्यांनी दावं पुन्हा वळायला घेतलं. मी त्यांना निम्मंच सांगितलं होतं. पडल्या पडल्या सासूबाई कधी काही मागायच्या नाहीत, ना चहा, ना गोळी. एकच सांगायच्या, "दार उगडं ठेव गं, उजेड येऊ दी." आणि मी, पुसलेल्या फरशीवर पावसाचे शिंतोडे येतात म्हणून, दर वेळी उठून दार लावून घ्यायची.